जपानी-चिनी भाषेच्या परीक्षा : कुठे पैसे घालावे, कुठे राखावे

जपानी किंवा चिनी शिकायला निघालेल्या मुलाचे पालक पहिला प्रश्न विचारतात तो परीक्षेच्या फीचा. साऱ्या हिशेबात सर्वांत लहान रक्कम तीच असते. भारतात जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या कुठल्याही पातळीचे शुल्क चार आकडी आहे. त्याच पातळीच्या खासगी वर्गाची फी मात्र सहज पाच आकड्यांत जाते. आणि चुकीची पातळी निवडून किंवा चुकीची परीक्षा देऊन फुकट गेलेले सहा महिने तर कुठल्याच पावतीवर दिसत नाहीत.

त्यामुळे फॉर्म भरण्याआधी एकच गोष्ट ठरवा : हे प्रमाणपत्र वाचणार कोण? पुण्या-मुंबईची आयटी कंपनी, जपानमधली भाषाशाळा, विद्यापीठ, व्हिसाचा अधिकारी की शिष्यवृत्तीची समिती? प्रत्येकाला वेगळा कागद लागतो. "आधी एन-५ (जेएलपीटीची सर्वांत सोपी पातळी) देऊन टाकू, मग बघू" हा सर्वांत प्रचलित मार्ग आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो एका फीचा आणि एका हंगामाचा अपव्यय ठरतो.

जेएलपीटी : एन-५ ते एन-१

जपान फाउंडेशन आणि जपान एज्युकेशनल एक्स्चेंजेस अँड सर्व्हिसेस या दोन संस्था १९८४ पासून ही परीक्षा घेतात. पूर्वी चार पातळ्या होत्या, २०१० पासून पाच झाल्या. एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. परीक्षा वर्षातून दोनदा असते, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. पुण्यात आणि मुंबईत केंद्रे आहेत. नोंदणीची खिडकी मात्र लहान असते आणि जागा मोजक्या, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट पाहणाऱ्याची परीक्षा थेट सहा महिने पुढे जाते.

भारतात शुल्क पातळीनुसार आणि केंद्रानुसार बदलते. तुलनेसाठी, खुद्द जपानमध्ये ते २०२३ पासून ७,५०० येन आहे, म्हणजे आजच्या दराने चार हजार रुपयांच्या पुढे. एका वेळी एकच पातळी देता येते. भरलेले पैसे परत मिळतील किंवा फॉर्म गेल्यावर पातळी बदलून मिळेल, ही आशा ठेवू नये. नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच स्पेलिंगने भरावे. पासपोर्ट काढलेला नसेल तर आधी तो काढावा. पुढे व्हिसाच्या वेळी प्रमाणपत्रावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव जुळले नाही, तर प्रतिज्ञापत्रे आणि हेलपाटे यांचा खर्च परीक्षेच्या फीपेक्षा जास्त होतो.

गुणांची पद्धत नीट समजून घ्या, कारण नापास होणारे पुष्कळजण इथेच अडकतात. एकूण गुण १८०. उत्तीर्ण होण्यासाठी एन-५ ला ८०, एन-४ ला ९०, एन-३ ला ९५, एन-२ ला ९० आणि एन-१ ला १०० गुण लागतात. पण एवढ्याने भागत नाही. एन-३ पासून वर तीन विभाग आहेत : भाषाज्ञान, वाचन आणि श्रवण. प्रत्येकी ६० पैकी किमान १९ गुण मिळावेच लागतात. व्याकरणात आणि वाचनात १०० गुण मिळवले, पण श्रवणात १८ वर अडकलात, तर एकूण ११८ होऊनही निकाल नापास. एन-४ आणि एन-५ ला भाषाज्ञान व वाचन एकत्र १२० गुणांचे असते, तिथे किमान ३८ लागतात आणि श्रवणात १९.

आपल्याकडचे वर्ग व्याकरण आणि कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरे, यांवर जोर देतात. चोकाई, म्हणजे श्रवणाचा भाग, महिन्यातून कधीतरी होतो. वर्ग निवडताना "किती कांजी शिकवता?" यापेक्षा "आठवड्यातून किती वेळ चोकाई करून घेता?" हे विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर दुसरा वर्ग बघा.

या परीक्षेत बोलण्याचा आणि लिहिण्याचा भाग नाही. सगळे प्रश्न बहुपर्यायी, पेन्सिलीने गोल काळे करायचे. म्हणजे कांजी ओळखता आली तरी चालते, हाताने काढता यायलाच हवी असे नाही. हाताने कांजी गिरवण्याचा मला स्वतःला भारी आनंद वाटतो, पण परीक्षा जवळ आलेल्या माणसाने तो आनंद पुढे ढकलावा. दुसरी बाजूही आहे. एन-२ झालेला उमेदवार मुलाखतीत दोन वाक्ये बोलायला धडपडतो, हे पुण्यातल्या कंपन्यांना आता ठाऊक झाले आहे. म्हणून प्रमाणपत्र बघून झाले की त्या तोंडी चाचणी घेतातच. संभाषणाच्या तासाचे पैसे वेगळे धरा.

प्रमाणपत्राला मुदत नसते. जुलैच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टअखेर लागतो, डिसेंबरच्या परीक्षेचा जानेवारीअखेर. डिसेंबर २०२५ च्या परीक्षेपासून गुणपत्रिकेवर युरोपीय चौकटीतली पातळीही संदर्भासाठी छापली जाते. एन-३ उत्तीर्ण, पण गुण १०३ किंवा त्याखाली, तर ए-२. १०४ पासून बी-१. एन-२ ला ही सीमारेषा ११२ वर आहे : खाली बी-१, वर बी-२. आजवर "पास झालो" एवढ्यावर भागत होते. आता काठावर पास झालेल्याचा काठ कागदावर दिसतो.

परीक्षागृहात मोबाइल वाजला तर बाहेर काढतात, आणि फी जाते. एखादा विभाग दिलाच नाही तर सगळी परीक्षा नापास धरली जाते. दमलो म्हणून श्रवणाआधी उठून जाणारे दरवेळी दिसतात. त्यांनी निदान शेवटपर्यंत बसून राहावे.

एन-५ द्यावी की नाही?

जपानमधल्या भाषाशाळेत विद्यार्थी व्हिसावर जायचे असेल तर द्यावी. तिथे साधारण एन-५ किंवा १५० तासांच्या शिक्षणाचा पुरावा मागतात. शाळकरी मुलाला हुरूप यावा म्हणून द्यायलाही हरकत नाही. नोकरीसाठी मात्र ती कोणी विचारत नाही. अभ्यास नियमित चालू असेल तर सरळ एन-४ द्या, वाचलेली फी आणि वेळ एन-३ ला लावा. पुण्यातल्या कंपन्यांत भाषेमुळे पगारात फरक पडायला लागतो तो एन-३ पासून, आणि अनुवादक-दुभाष्याचे काम हवे असेल तर एन-२ च्या खाली फारसे कोणी विचारत नाही. जपानच्या उच्चकुशल व्यावसायिक व्हिसाच्या गुणपद्धतीत ७० गुण लागतात, त्यांत एन-१ चे १५ आणि एन-२ चे १० मिळतात. नोकरीत असाल तर एचआरला विचारायला विसरू नका. जपानी ग्राहकांबरोबर काम करणाऱ्या काही कंपन्या पास झाल्यावर फी परत देतात, काही मासिक भाषाभत्ताही देतात. हे आपणहून सांगणारे एचआर मी अजून पाहिलेले नाही.

बाजारातल्या इतर जपानी परीक्षा

जेएफटी-बेसिक ही जपान फाउंडेशनचीच, २०१९ पासून सुरू झालेली, संगणकावरची परीक्षा. २५० पैकी २०० गुण मिळाले की पुरे. निकाल त्याच दिवशी पडद्यावर दिसतो, आणि ती वर्षातून अनेकदा होते. 'विशिष्ट कौशल्य' व्हिसावर काम करायला जाणाऱ्यांसाठी ती केलेली आहे. तिथे जेएफटी-बेसिक किंवा एन-४, दोन्हींपैकी एक चालते. घाई असेल तर सहा महिने एन-४ ची वाट बघण्यापेक्षा ही बरी. पण इथे एक खर्च झाकलेला राहतो : भाषेखेरीज त्या त्या क्षेत्राची कौशल्य परीक्षा वेगळी द्यावी लागते, आणि वृद्धशुश्रूषेच्या क्षेत्रात त्या क्षेत्राच्या जपानीची आणखी एक. फी एकदाच भरून सुटका नाही. आयटी कंपनीत जाणाऱ्याला हिचा उपयोग नाही.

नॅट-टेस्ट वर्षातून सहा वेळा होते, पातळ्या जेएलपीटीशी जुळत्या. काही भाषाशाळा ती मान्य करतात. जेएलपीटी हुकली आणि प्रवेशाची तारीख जवळ आली, तर शाळेकडून लेखी होकार घेऊन मग ती द्या. बीजेटी ही व्यावसायिक जपानीची परीक्षा ८०० गुणांची आहे आणि तीत पास-नापास नाही. व्हिसाच्या गुणांसाठी तिचे ४८० हे एन-१ च्या बरोबरीचे, ४०० हे एन-२ च्या. पंधरा-वीस वर्षे जपानी ग्राहक सांभाळलेल्या माणसाला ही जास्त मानवते, कारण तिच्यात ऑफिसातले प्रसंग असतात.

चिनीचा हिशेब वेगळा

चिनीत दोन दरवाजे आहेत आणि ते दोन वेगळ्या घरांचे आहेत. चीनमध्ये शिकायचे तर एचएसके, तैवानला जायचे तर टीओसीएफएल. एकाचे प्रमाणपत्र दुसरीकडे चालेल असे गृहीत धरून पैसे भरू नका.

२०१० पासून चालत आलेल्या एचएसकेच्या सहा पातळ्या आहेत, शब्दसंख्या अनुक्रमे १५०, ३००, ६००, १,२००, २,५०० आणि ५,०००. पहिल्या दोन २०० गुणांच्या, १२० ला पास. तिसरी आणि चौथी ३०० ची, १८० ला पास. चीनमधले शुल्क पहिल्या पातळीला १५० युआन, पुढे दर पातळीला १०० ची भर, सहावीला ६५०. युआन सुमारे १२ रुपयांचा धरला तर चौथ्या पातळीचे ४५० युआन म्हणजे ५,४०० रुपये. पातळी चढली की फी चढते, हे इथे ठळक दिसते. त्यात बोलण्याची एचएसकेके ही परीक्षा वेगळी आहे आणि तिची फीही वेगळी. काही शिष्यवृत्त्यांना दोन्ही लागतात.

एचएसके आणि जेएलपीटी यांच्यातला खर्चाच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक मुदतीचा आहे. चिनी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी एचएसकेचा निकाल दोन वर्षेच धरतात. म्हणजे दुसऱ्या वर्षाला असताना हौसेने दिलेली चौथी पातळी पदवीनंतर अर्ज करताना कामाची राहीलच असे नाही. परीक्षा अर्जाच्या तारखेवरून मागे मोजून द्यावी. जपानीत लवकर दिलेली परीक्षा वाया जात नाही, चिनीत जाते.

२०२१ मध्ये चीनने नऊ पातळ्यांचे नवे मानक लागू केले. सातवी ते नववी यांची एकत्र परीक्षा नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिल्यांदा झाली. गुणांवरून तुमची पातळी ठरते. खालच्या पातळ्यांचा अभ्यासक्रमही या नव्या मानकाकडे सरकतो आहे. म्हणून सहाही पातळ्यांच्या पुस्तकांचा संच एकदम विकत घेऊ नका. चालू पातळीचे पुस्तक घ्या, पुढचे वेळ आल्यावर.

भारतात एचएसकेची केंद्रे जपानीच्या मानाने कमी. २०२० मध्ये केंद्र सरकारने चिनी भाषा शिकवणाऱ्या कन्फ्युशियस इन्स्टिट्यूटांच्या कामाचा आढावा घ्यायचे ठरवले, तेव्हापासून जुन्या माहितीवर विसंबणे धोक्याचे झाले आहे. "आमच्याकडे एचएसके होते" असे वर्गाने सांगितले तरी अधिकृत संकेतस्थळावर त्या वर्षीच्या केंद्रांच्या यादीत नाव आहे का, ते स्वतः बघा. प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च फीच्या दुप्पट होऊ शकतो. संगणकावर परीक्षा देण्याचा पर्याय असेल तर तो घ्या. तिसऱ्या पातळीपासून लेखन असते, आणि टंकलेखनात उच्चार टाकून अक्षर निवडायचे असते. हाताने हजारभर अक्षरे पाठ करण्याचे कष्ट त्यामुळे पुढे ढकलता येतात.

टीओसीएफएलची रचना ग्राहकाच्या सोयीची आहे. ए, बी, सी असे तीन गट, प्रत्येक गटात दोन पातळ्या. तुम्ही गटासाठी फी भरता, आणि गुणांवरून त्यातली वरची की खालची पातळी मिळाली ते ठरते. वरची हुकली तरी खालची हाती राहते. एका फीत दोन संधी, हे जेएलपीटीत नाही. श्रवणाचे ५० आणि वाचनाचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक तास. पारंपरिक लिपी की सरलीकृत, हेही तुम्हीच निवडता. ऑक्टोबर २०२४ मध्ये तैवानचे आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र मुंबईत सुरू झाले आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला चौकशीसाठी दिल्ली गाठायची गरज उरलेली नाही.

पैसे परत आणणाऱ्या परीक्षा

शिष्यवृत्त्या आणि स्पर्धा यांच्याकडे आपले विद्यार्थी "ते आपल्यासाठी नसतं" म्हणून बघतच नाहीत. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती पदवीच्या विद्यार्थ्याला महिना १,१७,००० येन देते, संशोधक, एमए आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना पातळीनुसार १,४३,००० ते १,४५,०००. शिक्षणशुल्क माफ, विमानभाडे सरकारचे, अर्जाला फी नाही. तिच्यातला 'जपानविषयक अभ्यास' हा प्रकार भाषेच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे : आपल्या देशात जपानी विषय घेऊन पदवी करणारे, वय १८ ते ३०, आणि जपानी बऱ्यापैकी पक्की. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीची पदवी करणाऱ्याने पहिल्या वर्षापासूनच हे डोक्यात ठेवावे. दिल्लीतला जपानी दूतावास आणि मुंबईतला वाणिज्य दूतावास यांच्या जाहिराती दरवर्षी डिसेंबरपासून बघत राहाव्या.

चीन सरकारच्या शिष्यवृत्तीत पदवीला महिना २,५०० युआन, एमएला ३,०००, पीएचडीला ३,५०० मिळतात. चिनी भाषाशिक्षकांसाठीच्या शिष्यवृत्तीत एचएसके किती गुणांनी पास झालात तेही बघतात, नुसते १८० पुरत नाहीत. तैवानची हुआयू शिष्यवृत्ती तिथल्या भाषाकेंद्रात शिकण्यासाठी आहे आणि टीओसीएफएलचा निकाल जोडला तर अर्ज वजनदार होतो. स्पर्धांमध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी २००२ पासून चालू असलेली 'चायनीज ब्रिज' आहे आणि जपानी वक्तृत्व स्पर्धा आहेत. जो कोणी शिष्यवृत्तीचा फॉर्म "मिळवून देण्याचे" पैसे मागेल, त्याच्यापासून दूर राहा. फॉर्म संकेतस्थळावर फुकट मिळतात.

वर्गाची फी भरताना

खासगी शिकवणीवर १८ टक्के जीएसटी लागतो. सांगितलेली फी करासकट आहे की कर वेगळा, हे आधी विचारा. परीक्षेची फी, पुस्तके आणि सराव चाचण्या पॅकेजमध्ये आहेत का, बॅच बंद पडली तर पैसे परत मिळतील का, हे लेखी घ्या. "शंभर टक्के एन-४" किंवा "जपानमध्ये नोकरीची हमी" असे फलक अजून दिसतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग वर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, आणि अशा हमीच्या दाव्यांना त्यांत मनाई आहे. शिकवणीला जोडूनच परदेशी नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाची भरती एजंट म्हणून नोंदणी हवी. ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. अशा एजंटाला उमेदवाराकडून घेता येणारे सेवाशुल्क कमाल ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढेच आहे. भाषेची फी, "प्रोसेसिंग", "डॉक्युमेंटेशन" अशी नावे देऊन लाखांची मागणी झाली, तर पावती मागून बघा. बहुतेक वेळा बोलणे तिथेच थांबते.

विद्यापीठांचे प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रम खासगी वर्गांपेक्षा स्वस्त असतात. वेग मंद असतो, पण पाया पक्का होतो.

पुस्तकांवर फार खर्च करायची गरज नाही. 'मिन्ना नो निहोंगो'ची भारतीय आवृत्ती दिल्लीच्या गोयल पब्लिशर्सने काढली आहे, जपानी आवृत्ती मागवण्याचे कारण नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या प्रतींची चौकशी करा. फक्त उत्तरे आधीच लिहिलेली प्रत घेऊ नका. जपान फाउंडेशनची 'इरोदोरी' ही पाठ्यपुस्तके ध्वनिफितींसह फुकट उतरवता येतात. जेएलपीटीच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक पातळीच्या सराव प्रश्नपत्रिका श्रवणाच्या भागासकट फुकट आहेत. महागडी सराव चाचणी विकत घेण्याआधी त्या घड्याळ लावून सोडवा. शब्द पाठ करायचे अँकी हे अ‍ॅप संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत आहे, आयफोनवर पैसे पडतात. मन लावून स्वतः अभ्यास करणाऱ्याचा एन-४ पर्यंतचा पुस्तके, फी आणि प्रवास असा सगळा खर्च दहा हजारांत बसू शकतो. एन-३ पासून शिक्षक हवाच, आणि तिथे काटकसर करू नये.

डिसेंबरची परीक्षा द्यायची असेल तर ऑगस्टच्या सुरुवातीपासून आपल्या केंद्राचे संकेतस्थळ आठवड्याला बघा, जुलैच्या परीक्षेसाठी मार्चपासून. वर्गाशी किंवा एजंटाशी पैशांवरून वाद झाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार करताना पावती आणि जाहिरातीचा फोटो जवळ ठेवा.